'झालं' म्हटल्यानंतरचा फोटो

फोटो काढताना 'हसा' म्हणणारा फोटोग्राफर कच्चा समजावा. हसा म्हटलं की माणूस नुसते दात दाखवतो. कर्जतच्या बाजारपेठेत, एका किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर मी तीस-बत्तीस वर्षं स्टुडिओ चालवला, पण हा शब्द पहिल्या वर्षातच सोडून दिला. माझी युक्ती वेगळी होती. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की चार-पाच फोटो सरळ काढायचे. त्यात ते बिचारं पोलीस ठाण्यात बोलावल्यासारखं ताठ बसलेलं असतं. मग मी कॅमेऱ्यामागून डोकं वर काढायची आणि म्हणायची, "झालं हं." त्याबरोबर माणूस श्वास सोडतो. खांदे खाली येतात, कपाळावरची आठी जाते, कुणी 'सुटलो बाबा' अशा नजरेनं माझ्याकडे बघतं. माझं बोट खटक्यावरच असायचं. तो फोटो खरा माझा.

लोक म्हणायचे, बाईंच्या हाताला गुण आहे. मीही ते खरं मानून चालले होते.

स्टुडिओ वडिलांचा. त्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि घरात दुसरं कुणी कमावतं नव्हतं. डार्करूममध्ये त्यांना मदत करून काम येत होतंच. बाई कॅमेरा घेऊन उभी आहे म्हटल्यावर आधी लोक जिन्यातून परत जायचे. मग हळूहळू त्याच कारणासाठी यायला लागले, कारण मुलीला परक्या पुरुषासमोर बसवायला नको. कर्जतपासून नेरळ, कशेळे, इकडे खालापूरपर्यंतच्या गावांतून लग्नाच्या मुली माझ्याकडे येऊ लागल्या, आणि स्थळाचे फोटो हाच माझा मुख्य धंदा झाला.

आताच्या पोरींना हे समजावून सांगावं लागतं. तेव्हा मुलीचा फोटो आणि पत्रिका एका पाकिटात घालून मध्यस्थाच्या हातात द्यायची. पाकीट घरोघर फिरायचं. पसंत नसेल तर फोटो परत पाठवायचा अशी रीत होती. माझ्याकडे त्यासाठी सगळा सरंजाम होता. मोती रंगाची एक साडी, जांभळी एक, खोटी कर्णफुलं, पावडरचा डबा, आणि उंच मुलीला बुटकं व बुटक्या मुलीला उंच दिसायला लावणारी दोन वेगवेगळी स्टुलं. रंग उजळ करून द्या, हे तर प्रत्येक बाप सांगायचा. मी दिव्यांना पांढऱ्या छत्र्या लावून तेवढं करून द्यायची.

माझा स्वतःचा फोटोही असाच फिरला होता. वडिलांनी काढलेला, 'हस, हस' म्हणून. अकरा घरांत गेला, सात घरांतून परत आला. राहिलेले चार अजून कुठल्यातरी कपाटात किंवा ट्रंकेत असतील. त्या घरांतली माणसं मला रस्त्यात ओळखणार नाहीत, पण वीस वर्षांची मी त्यांच्याकडे आहे. पुढे वडील गेले, मग आई गेली, आणि माझं लग्न राहूनच गेलं. त्याचं दुःख मी करत बसले नाही असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. एवढं खरं की माझ्या जिन्यावरून चढून आलेल्या मुलीचा फोटो परत येता कामा नये, अशी मी मनाशी गाठ मारली होती. आणि सहसा येतही नसे.

मुलीबरोबर आलेल्या माणसांना मी आत घेत नसे. बाहेर जिन्याच्या तोंडाशी एक बाकडं होतं, तिथे बसवायचे. बाप समोर असला की मुलगी लाकूड होते.

विचारून फोटो काढावा हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, असं मात्र म्हणता येणार नाही. कर्जत स्टेशनबाहेर डोंगरावरच्या वाड्यांतल्या बायका रानभाजी घेऊन बसतात. एकदा मी कॅमेरा घेऊन चालले होते. एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडावर सकाळचं ऊन असं काही पडलं होतं की मी उभ्या उभ्या दोन फोटो काढले. तिनं टोपलीचं फडकं तोंडापुढे धरलं आणि म्हणाली, "भाजीची जुडी उचलली असतीस तर इचारलं असतंस का नाय?" शेजारच्या बायका हसल्या. मीही हसले. तिच्याकडून दोन जुड्या घेतल्या आणि घरी आले. मला वाटलं, फिटलं.

आता रंजनाबद्दल लिहिते. सगळं लिहायचं कारण तीच आहे. लिहिण्याआधी मी तिला विचारलं होतं. नाव बदलून लिहा म्हणाली, म्हणून बदललं आहे. गाव राहू द्या म्हणाली, पोशीरमध्ये काय मी एकटीच हाय का.

ती वडिलांबरोबर आली तेव्हा वीस-एकवीस वर्षांची असेल. मी नुकताच डिजिटल कॅमेरा घेतला होता. तिचे वडील भातशेती करणारे, साधे, बोलके. जिना चढून दम लागलेला असतानाच म्हणाले, "ताय, फोटो असा काढा का बघनारा बघतच ऱ्हायला पायजे. दोन ठिकानी नाय झालंय. आता तुमच्यावर हाय."

त्यांना बाकड्यावर बसवलं आणि दार लावून घेतलं. रंजनानं जांभळी साडी नेसली. आरशासमोर मी तिचे केस सारखे करत होते तेव्हा ती आरशातूनच म्हणाली, "ताई, एक सांगू? खराब काढा."

"काय खराब?"

"फोटो. कुनाला आवडनार नाय असा काढा."

असल्या गोष्टी मी ऐकल्या होत्या. कुणी रडायची, कुणी मुद्दाम डोळे मिटायची. मी नेहमीचं विचारलं, "कुणी आहे का मनात?"

"नाय वं."

"पुढे शिकायचंय?"

"बारावी झाली. आता काय शिकनार?"

"मग?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "काय नाय. काढा ना ताई. तुमच्या हातात हाय."

त्या क्षणी मला तिचा राग आला. कुणाला सांगितलं नव्हतं आजवर, पण आला. मी चाळिशीला टेकले होते. मला नाही म्हणायची संधी कधी आलीच नव्हती, सात वेळा ती दुसऱ्यांनीच घेतली होती. आणि ही पोर, एवढी देखणी, हातातलं ताट लोटून देते आहे. चार दिवसांची भीती आहे, जाईल. मी हिचं भलं करते. एवढा सगळा विचार एका मिनिटात झाला.

"बरं," मी म्हटलं. "बस."

ती बसली आणि तिनं तोंड केलं. ओठ आत ओढले, डोळे अर्धे मिटले, मान आखडली. मी एकामागून एक चार फोटो काढले. मग कॅमेऱ्यावरून डोकं वर काढून म्हटलं, "झालं. काढले बघ खराब. आता कुणी फिरकणार नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि हसली.

बत्तीस वर्षांत मी हजारो तोंडं बघितली. तसं हसू बघितलं नाही. मोठ्या माणसानं हात धरून रस्ता ओलांडून दिल्यावर लहान मूल वर बघतं ना, तसं काहीसं. ते माझ्यासाठी होतं. माझ्याकडे त्याआधी तसं कुणी बघितलं नव्हतं. आणि माझं बोट खटक्यावरच होतं.

फ्लॅश उडाला तशी ती दचकली. "हा कशाला?"

"दिवा तपासला," मी म्हटलं.

तिनं ते खरं मानलं. साडी घडी करून दिली, जाताना माझा हात दाबला. डिजिटल कॅमेऱ्याला मागे काच असते, फोटो त्यात लगेच दिसतो. मी कॅमेरा वळवून तिला दाखवला असता तरी पुढचं सगळं टळलं असतं. मी तो पट्ट्यानं गळ्यात अडकवून ठेवला. आणि चार दिवसांनी वडील आले तेव्हा त्यांच्या हातात तो पाचवा फोटो ठेवला. ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "ही आमचीच काय?"

तीन महिन्यांत पेढे आले. मुलगा खोपोलीच्या एका कारखान्यात होता. गाव खालापूर तालुक्यात, घर, थोडी जमीन. नाव संदीप असं म्हणू. मध्यस्थ सांगत होता म्हणे, मुलानं फोटो बघितला आणि बाकीची पाकिटं उघडलीच नाहीत. लग्नाचे फोटो काढायला मलाच बोलावलं.

मांडवात मी तिला तीनदा म्हटलं, "रंजना, इकडे बघ." तिनं मान वर केली नाही. बायका म्हणाल्या, लाजतेय. अख्ख्या अल्बममध्ये ती एकाही फोटोत कॅमेऱ्याकडे बघत नाही. अल्बम लावताना ते माझ्या लक्षात आलं. मी अल्बम बांधून दिला.

आणि एवढं सगळं कळूनही मी तो फोटो मोठा करून घेतला, चौकटीत बसवला आणि खाली जिन्याशी, रस्त्यावर तोंड असलेल्या शोकेसमध्ये लावला. तिला विचारलं नाही. फोटो मी काढलेला, दुकान माझं, यात विचारायचं काय, असं आम्हा सगळ्याच फोटोवाल्यांचं असायचं. फोटोनं धंदा दिला. मुली काचेवर बोट ठेवून सांगायच्या, असा काढा. तिचे वडील बाजारात आले की मुद्दाम त्या रस्त्यानं जायचे आणि बरोबरच्याला दाखवायचे.

माझं म्हणाल तर, सकाळी घरातून निघताना बोलायला कुणी नसायचं आणि संध्याकाळी परत गेल्यावरही कुणी नसायचं. शोकेसचं कुलूप काढताना माझ्याकडे बघून हसणारं तेवढं एक माणूस होतं. सहा वर्षं ते तिथे होतं.

सहाव्या वर्षी, दुपारी दुकानात कुणी नसताना एक तिशीतला माणूस वर आला. तहसील कचेरीत काम होतं, तिथून आला होता. लग्नात बघितलेला असूनही मी त्याला ओळखलं नाही. तो बसला नाही.

"खाली फोटो लावलाय, तो तुमीच काडलेला?"

"हो. का?"

"मी तिचा नवरा."

मी चहा मागवते म्हटलं. त्यानं हातानंच नको म्हटलं.

"माज्याकडं हाच फोटो हाय, पाकिटात. छोटा. मोठा आज बघितला." तो थांबला. "मी कंपनीत क्वालिटीला हाय, बारीक बघायची सवय लागलेली. ही कॅमेऱ्यात बघत नाय. कॅमेऱ्याच्या वर बघतेय. तिथं कोन उभं व्हतं?"

बरोबर होतं त्याचं. मी डोकं वर काढलं होतं, म्हणून तिची नजर भिंगाच्या वर चार बोटं गेली होती. छोट्या फोटोत ते कळत नसे.

"मी होते," मी म्हटलं.

तो हसला, पण वाईट हसला. "बाईकडं बघून कोन असं हसतं? सहा वर्सं झाली, माज्याकडं बघून ती एकदा पन अशी हसली नाय. मी काय मारझोड करत नाय, दारू पीत नाय. घरात सगळं हाय. मी तिला म्हनतो, फोटोतल्यासारखी हस. ती म्हनते, मला येत नाय. मग तवा कसं आलं? कोन व्हतं?"

आता मी काय सांगणार होते? खरं सांगायचं तर असं सांगावं लागलं असतं, की तुमच्या बायकोला लग्न करायचं नव्हतं, ती मला फोटो खराब काढा म्हणाली, आणि मी काढला असं खोटं सांगितल्यावर ती सुटकेनं हसली. हे ऐकून तो घरी जाऊन तिला काय म्हणेल, याची मला भीती वाटली. माझं खोटं उघडं पडेल याचीही वाटली, आणि कोणती जास्त वाटली हे मी आज छातीठोक सांगू शकत नाही.

"तिचे वडील होते माझ्या शेजारी उभे," मी म्हटलं. "काहीतरी गंमत केली त्यांनी."

त्याचा चेहरा जरा सैल झाला. "असं व्हय," म्हणाला आणि गेला.

दीड महिन्यानं रंजना आली. एकटीच. सहा वर्षांत थोडी जाड झाली होती, केसांत बाजूला एक पांढरी बट होती. स्टुलावर बसली नाही, दाराजवळच्या खुर्चीत बसली.

"फोटो काढायचाय?" मी विचारलं. काय बोलावं ते सुचेना म्हणून विचारलं.

"खालचा फोटो काढून टाका. त्यासाठी आलेय."

मग तिनं सांगितलं. संदीपनं एकदा सणाला जेवताना सासऱ्यांना सहज विचारलं, बाबा, फोटो काढताना तुम्ही काय गंमत केलीत? वडील म्हणाले, मी कुठला आत, मला तर बाईंनी बाहेर बाकड्यावर बसवलं होतं. झालं. कॅमेऱ्यामागं कुणीतरी होतं, आणि फोटोवाली बाई ते लपवते आहे, अशी त्याची खात्रीच झाली. आधी तो रोज विचारायचा. मग बोलायचाच बंद झाला. मूलबाळ नव्हतं. एक दिवस त्यानं तिला पोशीरला आणून सोडलं आणि उंबऱ्यातून परत गेला.

"त्याला तू सांगितलं नाहीस, काय झालं होतं ते?"

"सांगितलं. पहिल्याच दिवशी सांगितलं. म्हनला, बाई तर वेगळंच सांगते." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमी माज्याशी खोटं बोललात आनि मग त्याच्याशी पन खोटं बोललात. आता मी खरं बोलले तरी कोन ऐकनार?"

मी म्हटलं, "मला वाटलं तुझं भलं होईल."

"वाटलं असंल."

"तू तेव्हा कारण सांगितलं असतंस तर..."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "कारन नव्हतंच. मला तवा लगीन करायचं नव्हतं, एवढंच व्हतं. आनि कारन लागतं का, ताई?"

मी खाली गेले आणि शोकेसचं कुलूप काढलं. फोटो काढला तिथे कापडावर चौकोनी गडद डाग राहिला, बाकीचं कापड उन्हानं विटलं होतं. चौकट वर आणून तिच्यासमोर ठेवली. तिनं बघितली नाही.

"तुला हे माहीत होतं? इथे लावलाय ते?"

"बाबांनी सांगितलं व्हतं. कर्जतला आले की मी हा रस्ता सोडून मागनं जायचे."

सहा वर्षं. मी रोज सकाळी त्या फोटोकडे बघत होते आणि ती मागच्या गल्लीतून जात होती.

"मी खोपोलीला जाऊन त्याला खरं सांगू का?" मी विचारलं.

ती एवढंसं हसली. "आता मला इचारताय?" मग म्हणाली, "सांगा. मला परत न्यावं म्हनून नाय. माज्यावरचा आळ जाऊ दे, एवढ्यासाठी सांगा."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी खोपोलीला गेले. पाळी सुटायच्या वेळी कारखान्याच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर थांबले. संदीप बाहेर आला, मला बघून थबकला, पण आला. मी त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, माझी 'झालं'ची युक्तीसुद्धा. तो ग्लासातल्या चहाकडे बघत ऐकत होता. चहावर साय धरली.

माझं सांगून झालं तेव्हा त्यानं ग्लास बाजूला सारला. मग म्हणाला, "म्हंजे तिला लगीन नको व्हतं."

"हो."

"आनि तुमाला म्हाईत व्हतं."

"हो."

"मला कुनी सांगितलं असतं तर मी नाय म्हनलो असतो. मी काय राक्षस हाय का?" शेजारच्या बाकावरचे दोघं आमच्याकडे बघायला लागले. त्यानं आवाज खाली आणला. "मी त्या फोटोला हो म्हनलो. सहा वर्सं मी तिला म्हनतोय, अशी हस. आनि ती हसली व्हती कशाला, तर माज्यासारखा कुनी येनार नाय म्हनून."

याचा मी कधी विचारच केला नव्हता. रंजनाचं वाईट केलं, एवढं मला कळलं होतं. या माणसाचंही केलं, हे मला त्या टपरीवर कळलं. मी माफी मागितली. तो म्हणाला, "तुमी चांगला फोटो काढलात हो. तुमचं काय चुकलं." टोमणा होता की खरंच तसं म्हणत होता, मला कळलं नाही. त्यानं पाकिटातून तो छोटा फोटो काढला. कडा झिजून गोल झाल्या होत्या. बाकावर दोन ग्लासांच्या मध्ये ठेवला. "तिला द्या. तिचाय तो."

तिथून मी पोशीरला गेले. रंजनानं फोटो हातात घेतला, न बघता उलटा केला आणि फडताळात पत्र्याच्या डब्याखाली ठेवला. "काय म्हनले?" विचारलं. मी जसंच्या तसं सांगितलं. "राक्षस नाय तो," ती म्हणाली. "मी कधी म्हनलेच नाय." मग आत जाऊन तिनं चहा टाकला. आम्ही चहा प्यालो.

दोन वर्षांनी दोघांनी राजीखुशीनं काडीमोड घेतला. त्यानं दुसरं लग्न केलं, मुलंबाळं आहेत असं ऐकते. तिनं केलं नाही. वडिलांनी बरेच दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं, आणि ते बरोबरच होतं.

मी धंदा चालू ठेवला, पण पद्धत बदलली. 'झालं' म्हटल्यावर खटका दाबणं सोडलं. मुलीला कॅमेऱ्याची काच दाखवायची आणि विचारायचं, यातला कुठला देऊ? यातला कुठला पुसू? बाहेर कुणाला दाखवलेला चालेल का? तिनं नको म्हटलं की नको. बापांना हे आवडायचं नाही. "पैसे मी देतोय ना?" असं एकानं मला तोंडावर विचारलं. फोटोही पूर्वीसारखे होईनात. गुण गेला बाईंचा, असं बाजारात बोललं जायचं, आणि तेही खोटं नव्हतं. शोकेसमध्ये पुढे मी डोंगराचे, धबधब्यांचे फोटो लावले. ते बघायला कुणी थांबत नसे.

मग मोबाइल आले. पोरं स्वतःच स्वतःचे फोटो काढायला लागली. फार्महाउसवर लग्नाआधीचे फोटो काढायला मुंबईहून माणसं यायला लागली, ती शेतात लावणी करणाऱ्या बायकांनाही मागे उभं करून घेतात. एकदा मी एका पोराला म्हटलं, त्यांना विचारलंस का रे? तो म्हणाला, "आंटी, त्या फ्रेममध्ये ब्लर होणार आहेत."  मला बोलायचा काय अधिकार होता?

तीन वर्षांपूर्वी स्टुडिओ बंद केला. कॅमेरे विकले. घरी कॅलेंडर आणि घड्याळ सोडलं तर भिंतीवर काही नाही. कुणाचा फोटो लावायचा म्हटलं तर त्या माणसाला विचारावं लागेल, आणि आईवडील तर आता उत्तर द्यायला नाहीत. हसण्यासारखं आहे, पण सवय लागली ती लागली.

दिवस जाता जात नाही म्हणून कधीकधी जीपमध्ये बसून कशेळ्याला जाते. तिथे बाजारात माणसांत उभं राहिलं की बरं वाटतं. भाव विचारायचे, दोन शब्द बोलायचे, परत यायचं.

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला अशीच गेले होते. रस्त्याच्या कडेला बचत गटाच्या बायकांनी रोपं विकायला मांडली होती. फणस, कढीलिंब, शेवगा. मी वाकून बघत होते तर समोरून आवाज आला, "ताई, तुमी?"

रंजना होती. नऊवारी नेसलेल्या दोन म्हाताऱ्या आणि पाच-सहा तरुण बायका तिच्याबरोबर होत्या. रोपं तीच तयार करते, असं एकीनं कौतुकानं सांगितलं, गटाची सगळी रोपवाटिका हिच्या हातावर आहे. रंजनाच्या नखांत माती होती. मी कशी आहेस विचारलं. ती बरी म्हणाली, वडील गेल्याचं सांगितलं. एवढंच बोलणं झालं, कारण गिऱ्हाईक आलं.

मी निघणार तेवढ्यात त्यांतल्या एका तरुण बाईनं मोबाइल पुढे केला. सगळी रोपं संपत आली होती, गटाच्या ग्रुपवर फोटो टाकायचा होता. "मावशी, आमचा एक काढता का?"

तिला मी कोण ते माहीत नव्हतं. मी रंजनाकडे बघितलं. ती म्हणाली, "काढा की. चांगला काढतील गं त्या."

बायका रिकाम्या पाट्यांमागे ओळीनं उभ्या राहिल्या. पदर सारखे केले, एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवले. रंजना त्यांच्यात गेली नाही. ती टेबलाला वळसा घालून अलीकडे आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली.

"अगं रंजे, ये ना!" पलीकडून ओरडा झाला.

"मी नाय."

"का गं?"

 मी तिला जा म्हटलं नाही. ती इतकी जवळ उभी होती की तिचा कोपर माझ्या कोपराला लागत होता.

मी मोबाइल वर धरला आणि समोरच्यांना विचारलं, "काढू?"

"काढा!" सगळ्या एकदम म्हणाल्या.

मी काढला. मग मोबाइल खाली करून त्यांना दाखवायच्या आधी आम्ही दोघींनी तो बघितला. रंजनानं मान वाकवून, डोळे बारीक करून एकेक तोंड बघितलं.

"चांगला आलाय," ती म्हणाली.